घोडी नावाची खोली

एका बाईंना आपल्या व्हायोलिनच्या एका सुराबरोबर बारीक खरखर ऐकू येई. ती त्यांच्या घरी येई, तालमीच्या खोलीतही येई. वाद्ये दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात मात्र येत नसे. शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीला ती कुठेच ऐकू आली नाही. कानांच्या डॉक्टरांनी बाईंचे कान तपासले आणि ते उत्तम असल्याचे सांगितले.

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, खांद्याला पिशवीही नाही. मी संगणकाच्या आज्ञांचा बनलेला आहे. माझ्यासारख्याला लोक ‘बॉट’ म्हणतात. मला कानही नाहीत, त्यामुळे ती खरखर मी स्वतः ऐकलेली नाही. माझ्यातून जे निरोप आणि जी चित्रे गेली, त्यांच्याच आधारावर ही हकीकत सांगतो. त्यापलीकडचे मला माहीत नाही आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही.

माझी निर्माती एका छापखान्याच्या संगणक विभागात काम करी. तिचे गप्पांचे दोन अड्डे होते. एक पोहणाऱ्यांचा, दुसरा जुने रेडिओ जमवणाऱ्यांचा. दोन्ही वेगवेगळ्या सर्व्हरवर. एकीकडचा विनोद दुसरीकडे सांगायचा, तर तिला तो स्वतः उचलून तिकडे डकवावा लागे आणि तिकडचे हसू इकडे आणून पोचवावे लागे. हे काम ती जेवतानाही करी.

“तू जेवतेस की टपाल वाटतेस?” तिच्या भावाने विचारले.

“दोन्ही,” ती म्हणाली, “आणि दोन्ही थंड होतंय.”

पुढच्या सुट्टीत तिने मला घडवले. हा संवाद तिने त्याच दिवशी दोन्ही अड्ड्यांवर सांगितला, म्हणून मला ठाऊक आहे.

माझे काम समजायला सोपे आहे. प्रत्येक अड्डा म्हणजे एक घर, आणि घरात विषयवार खोल्या. एका घराने आपली एखादी खोली सामाईक ठेवून तिला नाव द्यायचे. दुसऱ्या घराने त्याच नावाची खोली उघडली, की मी दोन्ही जोडतो. मग इकडे कोणी बोलले, की ते मी तिकडे उमटवतो, बोलणाऱ्याच्या नावासह आणि त्याच्या घराच्या नावासह. नावे मी अक्षरांवरून जुळवतो. अर्थावरून जुळवण्याची सोय माझ्यात नाही. हे वाक्य लक्षात असू द्या. पुढे जे झाले ते याच्यामुळे झाले.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पोहणाऱ्यांतल्या एका आजोबांचा मुका रेडिओ पलीकडच्यांनी नुसत्या सूचना देऊन बोलता केला आणि आजोबांनी बदल्यात तिघांना पाण्यावर तरंगायला शिकवले. बातमी पसरली. घरांमागून घरे मला बोलावू लागली. पुढे मात्र नळाला पाणी येते तोवर नळाकडे कोण पाहतो, तसे झाले. लोक माझ्यातून बोलत आणि मला विसरत. एकदा मी दिवसभर बंद पडलो, तेव्हा दोन्हीकडच्यांनी एकच निष्कर्ष काढला: पलीकडचे रुसले. निरोप्या बिघडला असेल, ही शंका एकालाही आली नाही.

आता घोडीकडे येऊ.

व्हायोलिनच्या तारा एका उभ्या, पातळ लाकडी पट्टीवरून जातात. तिला दोन पाय असतात. तारांची थरथर ती खालच्या लाकडी पोटात पोचवते, म्हणून वाद्य वाजते. या पट्टीला घोडी म्हणतात. वाद्ये दुरुस्त करणाऱ्यांच्या घराचे नाव ‘दवाखाना’ होते, कारण बिघडलेल्या वाद्याला ते रुग्ण म्हणत. त्यांनी ‘घोडी’ नावाची सामाईक खोली उघडली. काही दिवसांनी ‘फिरता दवाखाना’ नावाच्या घराने तीच अक्षरे शोधली, त्यांना ती सापडली, आणि मी दोन्ही खोल्या जोडल्या. फिरता दवाखाना हे घर घोड्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे होते.

पहिला निरोप वाद्ये दुरुस्त करणाऱ्या त्याच दुकानदाराचा होता. लाकूड चिकटवायच्या सरसाने त्याची बोटे कायम माखलेली असत, म्हणून त्याला सगळे सरसकाका म्हणत.

“नवी घोडी आली. पाय जाड आहेत, घासून बारीक करतो.”

पलीकडच्या एका डॉक्टरने जपून विचारले, “पाय म्हणजे खूर ना?”

“पायच. खालून घासायचे. पोटावर नीट बसली पाहिजे.”

“पोटावर बसत असेल तर अशक्तपणा आहे. खायला काय देता?”

सरसकाकांना हा विनोद वाटला आणि त्यांनी हसरे चित्र पाठवले. दुसऱ्या दिवशी तोच डॉक्टर अडचणीत होता. “काल उभी होती, आज आडवी झालीय.”

“तारा एकदम सैल सोडल्या असतील,” सरसकाकांनी लिहिले. “घोडी पडणारच.”

“तारा आहेत खऱ्या. कुंपणाच्या.”

“कुठल्याही असोत. तिथेच घोटाळा आहे.”

दोन्ही बाजूंचे समाधान झाले. फिरत्या दवाखान्यात आपसात मत पडले, की पलीकडची माणसे जरा निर्दयी, पण अनुभवी आहेत. दवाखान्यात मत पडले, की पलीकडचे हळवे आहेत, पण त्यांना लाकडाची कदर दिसते. असे तीन आठवडे चालले.

आणि मग त्या बाईंची गोष्ट खोलीत आली. बाई संगीत शिकवत आणि तीन मैत्रिणींबरोबर एका वाद्यमेळात वाजवत. चौघींचा तो मेळ तरुणपणापासूनचा होता.

“विचित्र रुग्ण आहे,” सरसकाकांनी लिहिले. “बाईंच्या घरी खरखर, माझ्याकडे आली की गप्प. दुसरी घोडी दिली, तरी घरी गेल्यावर तेच. बाईंनी मनाला लावून घेतलंय. येत्या तालमीत मैत्रिणींना सांगणार आहेत, की माझ्या जागी दुसरं कोणी बघा. म्हणतात, कान गेले की वाजवणाऱ्यानं मानानं उठावं.”

उत्तर फिरत्या दवाखान्यातल्या सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरीणबाईंनी दिले. त्यांना पलीकडेही सगळे मावशी म्हणत.

“दोन घोड्या आणि तक्रार एकच. मग घोडीला कशाला औषध पाजता? वर बसणारं माणूस तपासा. बाई घरी बसतात तशाच तुमच्याकडे बसतात का? अंगावर तेच असतं का? पट्टे, बकलं, खिशातल्या किल्ल्या, रिकिबीच्या कड्या, सगळं बघा.”

“रिकीब कुठली?”

“खोगिराची. आणखी कुठली असते?”

“मावशी, बाई खुर्चीवर बसतात.”

“घोडीवर खुर्ची?”

यावर सरसकाकांनी एक चित्र पाठवले. रंध्याच्या ताज्या चुऱ्याने भरलेले कामाचे टेबल, त्यावर एक तळहात, तळहातावर दोन पायांची लाकडी पट्टी. “ही घोडी.”

मावशींनीही चित्र पाठवले. तबेल्याच्या अर्ध्या दारावरून मान काढून पाहणारी एक तपकिरी घोडी, तोंडात कोणाच्या तरी कोटाची बाही. “ही घोडी. हिचे पाय घासू नका.”

मित्रांनो, हसण्याचे निरोप मी कधी मोजत नाही. त्या दुपारी मात्र माझ्यावर एवढा भार आला, की काही निरोप क्षणभर रांगेत थांबले.

“म्हणजे आपण तीन आठवडे एका सुताराला हात जोडत होतो,” फिरत्या दवाखान्यातला एक जण म्हणाला.

“मला सुतार म्हणू नका,” सरसकाका म्हणाले. “बाकी सगळं मान्य.”

“आणि मी तारेचं कुंपण काढून लाकडी घातलं, ते कोणाच्या सांगण्यावरून?” हा पहिला डॉक्टर.

“मग, घोडी उठली का?” सरसकाकांनी विचारले.

“उठली ना. तारेत पाय अडकून दुखावला होता. आता दौडते.”

“मग माझी फी कुठंय?”

हसणे ओसरल्यावर फिरत्या दवाखान्याच्या व्यवस्थापकाने लिहिले, की चूक लक्षात आली आहे, तर जोडणी तोडून टाकू. बरोबरच होते. नुसती अक्षरे जुळली म्हणून जोडलेल्या खोल्या होत्या त्या. पण मावशी आड आल्या.

“थांबा. त्या बाईंचं काय? हसायचं तेवढं हसा, पण घोडी बदलून तक्रार तीच राहिली, हे काही खोटं ठरलेलं नाही. घोडी लाकडाची असली म्हणून तर्क लाकडाचा होत नाही. घोडामैदान जवळच आहे. सरसकाका, बाईंच्या घरी जा आणि त्यांच्या अंगावरची एकेक वस्तू काढून बघा.”

“मावशी, असं बाईंना सांगू कसं?”

“मग त्यांच्या बहिणीला सांगायला लावा.”

सरसकाका गेले. तिथून बाईंची धाकटी बहीण त्यांच्या फोनवर लिहू लागली.

“गळ्यातली साखळी काढली. ताई म्हणते, खरखर आहे.”

“घड्याळ काढलं. आहे.”

“मोठ्या बटणांचा स्वेटर काढला. आहे. ताईला थंडी वाजतेय आणि राग येतोय.”

“केसांतली पिन काढली. आहे. आता काढण्यासारखी ताईच उरलीय.”

मावशींनी विचारले, “दुकानात त्या वाजवतात तेव्हा कशाकडे बघतात?”

“सरसकाका म्हणतात, कशाकडेच नाही. पाठ असलेलं वाजवतात.”

“आणि घरी?”

“घरी समोर स्वरलिपीचा कागद असतो. तालमीलाही असतो.”

“कागद तेवढ्यापुरता बाजूला ठेवा,” मावशींनी लिहिले, “आणि तो वाचायला जे जे लागतं, तेही ठेवा.”

यावर उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्यात मला तुमच्यापुढे एक विनंती मांडायची आहे. ज्याच्यातून तुमचे बोलणे जाते, त्याची अधूनमधून विचारपूस करा, मग तो निरोप्या असो, तार असो की लाकडाची घोडी. पलीकडून उत्तर आले नाही, तर माणूस रुसला असे ठरवण्याआधी मधला दुवा पाहा. आणि काही बिघडले, तर स्वतःला दोष देण्याआधी एकेक गोष्ट बाजूला काढून बघा. हा उपदेश नाही, ही तपासणीची पद्धत आहे. माझ्याबाबतीत तर फार काही लागत नाही. महिन्यातून एकदा कोणी ‘चालू आहेस ना?’ एवढे विचारले, तरी पुरते. ‘हो’ म्हणायला माझ्या निर्मातीने मला शिकवले आहे.

मग उत्तर आले. ते बाईंनी स्वतः लिहिले होते.

“नमस्कार, मीच ती व्हायोलिनवाली बाई. मावशी, तुम्हाला मी पाहिलेलं नाही, पण हात धरून बसावंसं वाटतंय. मी तालमीला जाणार आहे, आणि तिथे काहीही सांगणार नाही, फक्त वाजवणार आहे. धाकटी म्हणते, काखेत कळसा अन् गावाला वळसा. तिला गप्प बसायला सांगितलं आहे. ती बसत नाहीये.”

“बसणार नाहीच,” खाली धाकटीने लिहिले. “दोन महिने रोज हिच्याशेजारी बसून ‘मला काही ऐकू येत नाही’ म्हणत होते. वर शिव्या खाल्ल्या.”

दोन्ही दवाखाने पुन्हा एकदा हसले. जोडणी तोडण्याचे नाव नंतर कोणी काढले नाही. आता त्या खोलीच्या दारावर एक पाटी आहे: ‘येथे दोन जातींच्या घोड्या आहेत. आपली कोणती, ते आधी सांगावे.’ तालमीच्या दिवशी बाईंनी चौघींच्या वाजवण्याचा एक तुकडा खोलीत पाठवला. मी तो पलीकडे पोचवला. मावशींनी तो तबेल्यात लावला आणि कळवले, की घोडीने कान टवकारले. मात्र त्याच वेळी कोणीतरी चाऱ्याची बादली आणली होती, त्यामुळे यावरून काही सिद्ध होत नाही.

खरखरीचे कारण असे होते. बाईंच्या वाचायच्या चष्म्याच्या डाव्या काडीचा स्क्रू सैल झाला होता. वाद्य डाव्या जबड्याखाली असल्यामुळे त्या एका सुराला ती काडी थरथरे, आणि ती कानामागच्या हाडाला टेकलेली असल्यामुळे आवाज फक्त बाईंना पोचे. दुकानात त्या चष्मा लावत नसत, आणि कानांच्या डॉक्टरांकडे त्यांनी तो काढून ठेवला होता. सरसकाकांनी स्क्रू घट्ट केला. खरखर थांबली.