फ्रिजवरचा पाच

मी एक जुना पाच आहे. पाच आंबे नाही, पाच माणसं नाही, नुसता आकडा. मित्रांनो, हसू नका. अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांना शाळेत असतानाच कॉलेजच्या तोडीचा विषय घेता येतो. त्याला एपी म्हणतात. शेवटी परीक्षा होते आणि एक ते पाच यांतला एक आकडा मिळतो. पाचाच्या वर काही नाही. म्हणजे आमच्या घराण्यातला मी थोरला.

माझा जन्म तिथल्याच चँडलर गावातल्या एका शाळेत, जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली, परीक्षेला बसलेल्या आश्लेषा नावाच्या मुलीच्या हातून झाला. विषय जीवशास्त्र. बारसं मात्र जुलैत, निकालाच्या दिवशी. तिचे बाबा मनोहरराव कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांनी मला मोठ्या कागदावर छापलं, लॅमिनेट केलं आणि नागपूरला बहिणीला फोन लावला.

"मालूताई, आशूला बायोलॉजीत पाच!"

मालिनी आत्या हळूच म्हणाल्या, "तब्येत बरी नव्हती का रे पोरीची?"

"अगं, पाचपैकी पाच!"

"मग तसं सांग ना. मी इथे मटकन खाली बसले."

त्या दिवसापासून मी फ्रिजवर. हळदीकुंकवाला आलेल्या काकवा आधी माझं दर्शन घेत, मग पाणी पीत. आश्लेषाला डॉक्टर व्हायचं होतं, आणि इथे मेडिकलच्या आधी कॉलेजात जीवशास्त्र व्हावं लागतं. "ते झालंच," मनोहररावांनी मराठी मंडळात जाहीर करून टाकलं. "पाच आहे म्हणजे कॉलेज तो विषय माफ करतं. चारऐवजी तीन वर्षांत पोरगी बाहेर!" मलाही वाटू लागलं, निम्मी डॉक्टर आपणच केली. एकदा तर मला स्टेथोस्कोपचं स्वप्न पडलं. मला कान नाहीत, तरी.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ती कॉलेजला निघाली, तेव्हा बाबांनी मला तिच्या सूटकेसमध्ये लोणच्याच्या बरणीखाली ठेवलं. कॉलेजने मला मानाने घेतलं. विषय माफ! पण आश्लेषाला जिथे डॉक्टर व्हायचं होतं, त्या मेडिकल कॉलेजचा नियम तिने स्वतः वाचला. काही मेडिकल कॉलेजं मला चालवून घेतात. यांना मात्र जीवशास्त्र कॉलेजातच केलेलं हवं होतं, प्रयोगशाळेसकट.

तिने घरी फोन केला.

"झालेला विषय परत?" बाबा ओरडले. "मी मंडळात काय सांगू?"

"सांग, मला फार आवडला. आय ॲम टेकिंग इट, बाबा."

"अगं, पाच घेणारी दुसरी कॉलेजं बघ ना!"

"मला हेच हवंय. आणि खरं सांगू? बायोलॉजी विसरले मी. नुसता पाच राहिलाय."

मित्रांनो, नुसता! माझी रवानगी मोज्यांच्या खणात झाली. तिथे मोजेसुद्धा जोडीने राहतात.

पहिल्या चाचणीत तिला सी ग्रेड मिळाला, म्हणजे जेमतेम. ती रडली नाही. खण उघडून तिने मला काढलं आणि पालथं घातलं. माझी पाठ कोरी आणि गुळगुळीत. तिने मार्करने त्या पाठीवर पेशी काढली, चुकली, पुसली, पुन्हा काढली. मग हे रोजचंच झालं.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला बाबा तिला न्यायला आले. मला पाहून ते दचकले. "पाच कुठे गेला?"

"मागे आहे. पुसू नकोस हं, सोमवारी टेस्ट आहे."

कारखान्यात चिपची चकती धरतात तसं त्यांनी मला कडांनी धरलं. "काय आहे हे?"

"पेशी साखरेतून एनर्जी कशी काढते, ते."

"सांग बरं."

ती सांगू लागली. मध्येच अडली, अंगठ्याने पुसलं, नव्याने काढलं आणि शेवटपर्यंत सांगितलं. बाबा गाडीची किल्ली हातात धरून ऐकत उभे होते.

डिसेंबरात तिला ए मिळाला, सगळ्यात वरचा ग्रेड. तो कुणी लॅमिनेट केला नाही. बाबांनी फक्त एक नवा मार्कर पाठवला.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा पाच असेल तर खुशाल फ्रिजवर लावा, काकवांना दाखवा. आम्हालाही बरं वाटतं. पण नंतर त्याला उलटा करा. आणि पुसताना फडकं घ्या. अंगठ्याने गुदगुल्या होतात.