शेवटच्या बाकावरच्या बाई

"सी बंद करा," विलिमाइनाबाई म्हणाल्या आणि यंगोना या फिजीतल्या पेयाची वाटी त्यांनी एका दमात रिकामी केली. वाटी खाली आली तरी चटईवर गोल बसलेल्या सहकाऱ्यांना रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवायचं भान राहिलं नाही.

पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रामिंग कुठल्या भाषेतून शिकवायचं, यावर फिजीची राजधानी सुवाच्या त्या कॉलेजात बैठकांमागून बैठका चालल्या होत्या. तरुण शिक्षकांना पायथन हवी होती. पण आजवर शिकवली जाणारी सी म्हणजे विलिमाइनाबाई, आणि त्यांच्या तोंडावर सी नको म्हणायची कुणाची छाती होईना. बाईंना पायथनचा गंधही नव्हता. सी गेली की पहिल्या वर्षाचा वर्गही जाणार, आणि त्या वर्गात तर बाईंचा सगळा जीव.

त्यांच्याच हाताखाली शिकून आता शिकवायला लागलेला सेमेसा हटूनच बसला. सीमुळे पाया पक्का होतो, आपला झालाच की, असं त्याचं म्हणणं. बाईंनी त्याला मध्येच अडवलं.

"पहिल्या वर्षी तू गाशा गुंडाळून घरी, लाऊ बेटांकडे जाणाऱ्या बोटीत चढत होतास. बंदरावरून परत कोणी आणला तुला?"

"तुम्ही, मॅडम."

"आणि ज्यांच्यामागे मी बंदरावर गेले नाही, ती पोरं?"

लांबच्या बेटांवरची मुलं कॉम्प्युटरला पहिला हात इथंच लावायची, आणि सीमधले मेमरीचे पत्ते सांभाळता सांभाळता पहिल्याच सत्रात गळायची. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मग कुठे टाळ्या वाजल्या, त्याही दबक्या.

नव्या सत्रात पायथनचा वर्ग सेमेसाकडे आला. पहिल्या दिवशी बाई कोरी वही घेऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. मागच्या दाराने आलेला सेमेसा "तुलोऊ", म्हणजे माफ करा, असं पुटपुटत, कमरेत वाकून त्यांच्यापुढून गेला आणि फळ्यापाशी पोचला तरी वाकलेलाच राहिला. थोरलं माणूस बसलेलं असताना त्याच्यासमोर ताठ उभं राहायचं तरी कसं! मुलं फिदीफिदी हसू लागली.

बाईंना मात्र भरून आलं. आयुष्यभर आपण शिकवलं म्हणतो, पण या पोरांनी आपल्याला किती दिलं, असं त्यांना वाटलं.

"ताठ उभा राहा, बाळा," त्या म्हणाल्या. "मी शिकायला आलेय."

सेमेसा हळूहळू ताठ झाला. बाईंनी मान खाली घातली आणि वहीचं पहिलं पान उघडलं.