अठ्ठावन्न टक्के

"हे काय? त्रेचाळीस?" सरांनी जर्नल एका बोटाने पुढे सरकवलं. "या पंपाची कार्यक्षमता अठ्ठावन्न टक्के येते. दरवर्षी येते. पुन्हा लिही."

टेबलासमोरच्या मुलीने जर्नल जवळ ओढलं. वर्ग तिला जांभई म्हणायचा. शेवटचा बाक, तिसरं वर्ष, मागचे दोन विषय राहिलेले. इंजिनिअरिंग आपण निवडलं नाही, पप्पांनी निवडलं, हे ती कुणापासून लपवत नसे.

खिडकीशी नळ्या पुसणाऱ्या लॅब असिस्टंटचा हात थांबला. मुलं तिला ताई म्हणत. सहा वर्षांत पाठमोरी उभी राहूनही तिला कळायला लागलं होतं, कोण पाण्याकडे बघतंय आणि कोण मोबाइलकडे. साठांतले एकोणसाठ जण वरच्या वर्गाची जर्नलं आणून आकडे उतरवत. टाकीत पाणी दहा सेंटिमीटर चढायला चोवीस सेकंद. मोटर बंद असली तरी चोवीसच.

सुट्टीत ती मोटर जळली. स्टोअरमधली लहान मोटर बसवली, तेव्हापासून बत्तीस सेकंद लागत होते, आणि त्या हिशोबाने कार्यक्षमता त्रेचाळीस टक्केच येत होती. ताईने दारावर तशी सूचना लावली होती. त्याच कागदावर कुणीतरी 'स्कूटर विकणे आहे' लिहून खाली नंबर टाकला.

जांभईने मात्र मोजलं. तेही आळसापायी, जुनं जर्नल मागत कोण फिरणार? बत्तीस आले तेव्हा आपलंच चुकलं असं धरून ती मधल्या सुट्टीत परत आली, डब्याला हात न लावता.

"ताई, हे पाणी माझ्यावर डूख धरून आहे का हो?"

तेव्हा ताई हसली होती. आत्ता हसू येत नव्हतं. तिची नेमणूक दर वर्षी सरांच्या शेऱ्यावर वाढवली जाई. मध्ये तोंड घालणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. पण मुलीने खोडरबर काढलं होतं. बत्तीसवर ते टेकणार, एवढ्यात ताईने फडकं ठेवलं.

"सर, मोटर बदललीय. घड्याळ तुम्हीच धरा."

सरांनी धरलं. पाणी चढलं. बत्तीस.

त्यांनी काटा पुन्हा एकदा पाहिला. "मग या एकोणसाठांचं काय करू मी? उद्या जर्नलं जमा करायचीत, बाई."

त्यांनी जांभईच्या जर्नलवर सही केली. मग गठ्ठा ओढला आणि उरलेल्या सगळ्यांवरही करत गेले, पानं न वाचता. शेवटची सही झाल्यावर पेनला टोपण लावलं आणि निघून गेले.

"मार्क सगळ्यांना सारखेच?" मुलीने विचारलं.

"सारखेच."

"मग मी कशाला एवढी मरमर केली?"

ताईने फडकं पुन्हा उचललं. मुलीने पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेली आणि तिथेच घुटमळली.

"ताई, व्हॉल्व्ह अर्धाच उघडला, तर टक्के वाढतील का कमी होतील?"

"पुस्तकात बघ की."

"पुस्तकातला पंप हा नाहीये ना."

पाचला दहा कमी होते. पाळणाघर पाचला बंद होई, आणि या महिन्यात तीनदा उशीर झाला होता. तिथल्या बाई परवाच म्हणाल्या होत्या, "तुमची लेक दाराकडेच बघत बसते हो."

ताईने फोन लावला. "आज वीस मिनिटं जास्त... हो, मला कळतंय. नाही, पुन्हा नाही होणार."

फोन ठेवून तिने मोटर सुरू केली. मुलगी व्हॉल्व्ह फिरवत होती, ओठ दाताखाली धरून. पाळणाघराच्या पायरीवर एक चार वर्षांची पोर बूट घालून बसली असेल, हे ताईला इथून दिसत होतं. पाणी खुणेला लागलं. तिने घड्याळाचं बटण दाबलं.