जांभळ्या खड्यावरचा केस

नवी मुंबईतल्या पावणे गावच्या त्या कारखान्यात खड्यांना पैलू पाडायचे आणि ते चमकवायचे. तिथं बायकांची जागा ठरलेली होती. मागच्या खोलीतल्या लांबट टेबलाशी बसायचं, घासून आलेले खडे साबणाच्या पाण्यात खळबळायचे, चिकटलेली लाख नखानं काढायची, खडे टिपून वाट्यांत टाकायचे. चाकावर बसायचे ते पुरुष. असं कुणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं. पण चाकावर बसलेली बाई तिथं कुणी बघितलीही नव्हती.

वेणू बसली ती तिच्या डोळ्यांमुळे. टेबलावर खडे टिपताना ती मधूनच एखादा बाजूला काढायची आणि म्हणायची, "ह्याच्यावर केस आहे." केस म्हणजे पैलूवरचा बारीक ओरखडा, नुसत्या डोळ्यांना सहसा न दिसणारा. हिरामण मिस्त्री भिंग लावून बघायचे, तर केस असायचाच. मिस्त्री आधी हसले, मग हसायचे थांबले. तिसऱ्या चाकावरचा कारागीर दुबईला गेला तेव्हा ते मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"ए वेणू, शनवारपर्यंत चाकावर बसून बघ. जमलं तर चाक तुझं. नाय जमलं तर टेबल काय पळून जात नाय."

टेबलावरच्या जैनबनं ओल्या हातांनीच टाळी वाजवली. ती उरणकडची, या खोलीतली सगळ्यांत जुनी. म्हणाली, "जा गो बाय, बस तिकडं राणीसारखी. पन आमाला वळख दाखव म्हंजे झालं."

वेणूला काम येत होतं. तिनं ते महिनोन् महिने बघून बघून गिळलं होतं. खडा काडीच्या टोकाला लाखेनं चिकटवलेला असतो. जस्ताची चकती गरगर फिरते, तिच्यावर बोटानं पॉलिशची ओली पूड लावायची आणि खड्याचा एकेक पैलू अलगद टेकवायचा. खरं कसब मात्र खडा उचलल्यावरचं. पूड पैलूवर वाळली की ती ओरखडा झाकून टाकते आणि खडा झाला असं वाटतं. म्हणून आधी ओल्या कापसानं पुसायचा, मग मलमलीनं, आणि पुसताना बोट दगडाला लावायचं नाही, बोटाचं तेल चढतं. मग पैलूवर तोंडाची वाफ सोडायची. वाफ सगळीकडून सारखी विरली तर ठीक. कुठं रेघेसारखी रेंगाळली तर तिथं केस. शेवटी खडा ट्यूबलाइटखाली तिरपा धरायचा. पैलूत ट्यूबची पांढरी पट्टी दिसते. ती ताठ, अखंड दिसली पाहिजे.

पहिल्या दिवशी सकाळी तिच्या पहिल्याच खड्यात ती पट्टी ताठ दिसली तेव्हा वेणूला सुजाताचा चेहरा आठवला. आंघोळ घालून पुसल्यावर लेक अशीच लखलखीत दिसायची. चार महिन्यांचं ते लेकरू, आईचा चेहरा दिसला की हसायला शिकलेलं.

दुपारच्या सुट्टीत सासू, केशरबाई, तिला फाटकाशी घेऊन यायची. भाड्याची खोली गावातच होती, चालत येण्यासारखी. वेणू फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून पदराआड लेकीला पाजायची आणि केशरबाई बीडहून आणलेल्या आवाजात वॉचमनला सांगायची, "माझी सून मशिनीवर बसती बरं का. गड्यामान्साच्या जागी." मग सुनेकडे वळून लगेच दुसरा सूर. "आन् इकडं लेकरू रडू रडू निळं झालं माय. चाकापायी हाल हायेत बघ ह्याचे."

"आत्या, तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूनं हाय?"

"म्या? म्या लेकराच्या. पर तू उतरू नकोस त्या चाकावरून, सांगून ठिवते."

पाजून झालं की वेणू नळावर हात धुऊन परत चाकावर जायची. आणि तिथंच गडबड सुरू व्हायची.

सकाळचे खडे निर्मळ. दुपारचे खडे केसाळ. ती पुसायची, वाफ सोडायची, तर पैलूवर लांब, सरळ, बारीक रेघ. पुन्हा चकतीवर धरला की एक रेघ जायची, दुसरी यायची. सतत घासून पैलूंच्या कडा बोथट व्हायला लागल्या. मिस्त्री संध्याकाळी खडे बघत, भिंग खाली ठेवत आणि काही न बोलता ते परत पाठवायच्या वाटीत टाकत. दोन दिवस असंच चाललं.

गुरुवारी बोलले. "हात चांगला हाय तुझा. सकाळचे खडे माझ्यासारखे हायेत, खोटं नाय बोलत. पन दुपारी पोरीला बघून आलीस की मन घरीच राहतंय. चाकाला निम्मी बाई चालत नाय."

बाजूच्या चाकावरचा एकजण हसला. वेणू हसली नाही. तिच्या डोक्यात ते वाक्य चाकासारखंच फिरत राहिलं. खरंच मन राहत असेल का घरी? त्या रात्री ती केशरबाईला सांगणार होती की उद्यापासून पोरीला आणू नका, दुपारी बाटलीनंच पाजा. सुजातानं झोपेतच तिचं बोट मुठीत धरलं आणि सांगायचं राहूनच गेलं.

शुक्रवारी दुपारी मिस्त्रींनी तिला मोठा जांभळा खडा दिला, पैलू पाडून झालेला. "हा शेवटचा. उद्या सगळे पैलू बघीन. त्याच्यावरच ठरवू."

पाजून आल्यावर तिनं तो चकतीला लावला, उचलला, पुसला, वाफ सोडली. वाफ विरली आणि मधोमध एक रेघ रेंगाळली.

या वेळी तिनं खडा परत टेकवला नाही. तिनं चाक बंद केलं.

रेघ सरळ होती. मनाचा गोंधळ असता तर हात हलला असता आणि रेघ वाकडी पडली असती. सरळ रेघ म्हणजे काहीतरी चकतीत रुतून बसलंय आणि फेऱ्यागणिक एकाच जागी ओरबाडतंय. तिनं भिंग चकतीवर लावलं. राखाडी जस्तात एक कण चमकत होता. आधी खड्याला आकार देणाऱ्या घासणीच्या जाड पुडीचा. पॉलिशच्या चाकावर ती पूड यायचं काहीच कारण नव्हतं. घासणीची चाकं तर पुढच्या खोलीत, फाटकाच्या वाटेवर.

फाटकाच्या वाटेवर!

वेणूनं स्वतःचा पदर हातात घेतला. रोज दुपारी फाटकाशी जाता-येता ती घासणीच्या रांगांमधून जायची. ती चाकं पाणी उडवत असत, पाणी वाळलं की पत्र्यांवर राखाडी थर बसे, आणि तिचा पदर त्या पत्र्यांना घासत जायचा. मग नळावर हात धुतले की पुसायचे कशाला? पदरालाच. धुण्याच्या टेबलावर तर सगळ्या बायका पदरालाच हात पुसायच्या. आणि त्याच बोटानं चकतीला पूड लावायची. रात्री चकती धुतली जायची आणि सकाळी हात धुवायचे नसत, म्हणून सकाळचे खडे निर्मळ.

ती तडक मागच्या खोलीत गेली, पांढऱ्या थाळीत पाणी ओतलं आणि पदराचं टोक त्यात खळबळलं.

"अगो, पदर धुतेस काय इथं? धुनीभांडी चालू केलीस?" जैनब म्हणाली.

"थांब. पाणी निवळू दे."

पाणी निवळलं. पांढऱ्या तळाशी राखाडी गाळ बसला. वेणूनं तो चिमटीत घेतला आणि काचेच्या तुकड्यावर बोटानं दाबून ओढला. कर्रर्र झालं. काच ओरखडली.

जैनबचं तोंड उघडंच राहिलं. "या खुदा. हे तू पोरीला पन लावत व्हतीस?"

वेणूनं पदर अंगापासून दूर धरला, आणि दुसऱ्याच क्षणी तिला इतकं हलकं वाटलं की हसू फुटलं. लेकीमुळे नव्हे, पदरामुळे. तिला दुपारी निम्मी व्हायची गरज नव्हती.

मिस्त्रींना तिनं काच दाखवली. त्यांनी काच बघितली, पदर बघितला, थाळीतलं पाणी बघितलं. मग म्हणाले, "चकती उतरव. घासून धू. आन् दुपारचं काम बंद, सकाळी ये."

घरी पोचल्यावर तिनं आधी सुजाताला कोमट पाण्यानं पुसून काढलं, मग दोन लुगडी उकळत्या पाण्यात टाकली. शनिवारी पहाटे निघताना तिनं पदर घट्ट खोचून वर धुतलेली चादर पांघरली. घासणीतून जाताना ती चादर अंगाशी कवटाळून धरली, पॉलिशच्या दारात काढून घडी करून खुंटीला अडकवली, कोपरापर्यंत हात धुतले आणि हवेत धरून वाळवले. चाकांवरची माणसं बघत होती. तिनं त्यांना बघू दिलं.

खडा चकतीवर टेकला. उचलला, ओला कापूस, मलमल, वाफ. वाफ सगळीकडून एकदम उडाली, जशी सकाळच्या उन्हानं खाडीवरचं धुकं उडतं तशी. तिरपा धरला. जांभळ्या पैलूत ट्यूबची पट्टी ताठ उभी.

सुट्टीत तिनं फाटकाशी लेकीला पाजलं, चादर पुन्हा तशीच पांघरून. केशरबाई म्हणाली, "आज काय मुसलमानीन झाली का काय तू?" वेणू म्हणाली, "कारागीर झाले आत्या, बघा." परत आली, चादर काढली, हात धुतले, वाळवले आणि बाजूचे पैलू त्याच दमात पुरे केले.

मिस्त्रींनी खडा हातात घेतला तेव्हा सगळ्यांची चाकं थांबली होती. ते फार वेळ बघत राहिले. भिंग इकडून, भिंग तिकडून. स्वतः वाफ सोडली, तिरपा धरला, पुन्हा पुसला. कपाळावर आठी आली. ती आठी चूक सापडल्याची नव्हती, सापडत नसल्याची होती.

"दुपारचे पैलू कुठले ह्यातले?"

"तुम्हीच सांगा."

मिस्त्रींनी पुन्हा सगळे पैलू फिरवून बघितले. मग खडा मखमलीवर ठेवला. "नाय सांगता येत."

एवढंच. पण ते वाक्य मागच्या खोलीपर्यंत पोचलं आणि जैनबनं तिथून अशी शिट्टी मारली की वॉचमन आत आला.

सोमवारी वेणू आली तेव्हा तिसरं चाक बंद होतं आणि मिस्त्री उकिडवे बसून तिच्या स्टुलाचे पाय करवतीनं कापत होते. भुसा त्यांच्या धोतरावर उडत होता.

"हे कशाला, मिस्त्री?"

"उंच पडतंय तुला. मान वाकडी करून बघतेस." त्यांनी वर न बघताच करवत ओढली. "आधीचा गडी उंच व्हता. आता त्याच्या मापाचं कशाला ठेवायचं."

चौथा पाय कापून होईपर्यंत वेणू तिथंच उभी राहिली. मग मिस्त्रींनी स्टूल फरशीवर टेकवून हलवून बघितलं. ते डुगडुगलं नाही.

"बस," ते म्हणाले.