गोझोला न गेलेली वही

मी एक वही बोलतेय. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, आणि सध्या कोंडलेली. सिंगापूरच्या नव्या सरकारी फ्लॅटमध्ये एक बॉम्ब शेल्टर असतं. जाड काँक्रीटच्या भिंती, लोखंडी दार, खिडकीचं नाव नाही. बॉम्ब काही पडत नाहीत, म्हणून लोक तिथं बॅगा, गणपतीचं मखर आणि चकलीचा सोऱ्या ठेवतात. टॅम्पिनीसच्या आमच्या घरी त्यांच्या जोडीला मी आहे.

मला संजीवनीने मॉलमधून आणलं. कुठल्याशा व्हिडिओत तिनं माल्टाजवळचं गोझो बेट पाहिलं आणि तिच्या डोक्यात ते घर करून बसलं. वर्षभर ती माझ्यात टिपा लिहीत होती. जाताना बोटीचं तिकीट काढायचं नाही, परतताना गोझोच्या धक्क्यावर काढायचं. दुपारी दुकानं बंद असतात, खायचं आधी घेऊन ठेवायचं. चर्चमध्ये खांदे झाकायला ओढणी. समुद्रात उतरायला खडक फार, रबरी बूट हवेत. मी तर म्हणते, तिथल्या माणसांनाही एवढं माहीत नसेल!

बरं, नुसतं लिहून ती थांबली नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाई पोहायला शिकली. तलावावरून आली की ओल्या केसांनीच माझ्यात लिहायची, आज दहा मिनिटं तरंगले. पानावर पाणी टपकायचं, मला मुळीच राग यायचा नाही.

तिकिटं काढली नवऱ्यानं, प्रबोधनं. तो तांजोंग पगारला बँकेत नोकरी करतो. कागदपत्रांत त्याचा हात धरणारा कोणी नाही, असं निदान तो तरी मानतो. "सिंगापूर पासपोर्टला व्हिसा लागत नाही," म्हणाला आणि विषय संपवला.

आता ऐका गंमत. सिंगापूरचा पासपोर्ट त्याचा आणि मुलगी मधुवंतीचा. संजीवनीचा अजून भारताचा. तिची आई सांगलीला एकटी, कधीही धावत जावं लागेल, म्हणून घरात एकानं तिकडचा पासपोर्ट ठेवायचा असं ठरलं होतं. तो एक कोण, यावर चर्चा झालीच नाही. आणि पुढं हे सगळे विसरले. संजीवनीसुद्धा विसरली. मीही अशी शहाणी, की माझ्यात ओढणीपासून बुटांपर्यंत सगळं होतं आणि व्हिसा हा शब्द नव्हता. त्याची मला आजही लाज वाटते.

चांगी विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं तिचा पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि नम्रपणे व्हिसा मागितला. मी पर्समध्ये होते, मला सगळं ऐकू आलं.

"पपा, हाऊ कॅन यू नॉट चेक लाह!" मधुवंती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत रडकुंडीला आली. प्रबोध फोन लावत सुटला, पण व्हिसा काय तासाभरात मिळतो? शेवटी संजीवनीनंच दोघांना जा म्हणून सांगितलं. वाटलं, प्रबोध नाही म्हणेल. तो दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा त्यानं बॅग उचलली.

जाताना त्यानं हात पुढं केला. "वही दे ना, उपयोगी पडेल."

"वही माझ्याबरोबर राहील. अडलं तर फोन करा."

आणि अडलं की हो, रोज अडलं! बस कुठून, पाणी कुठलं प्यायचं, रविवारी काय उघडं असतं. ही सोफ्यावर बसून, मला मांडीवर उघडून, उत्तरं देत होती. आवाजात कुठं कुरकुर नाही. फोन ठेवला की मात्र बराच वेळ माझ्या त्याच पानाकडं बघत राहायची.

परत आल्यावर प्रबोध सगळ्यांना सांगत सुटला, संजूच्या वहीमुळे काही म्हणता काही अडलं नाही. पुढच्या वर्षी जपान करू म्हणाला. गोझो झालं होतं ना त्याचं! त्या दिवशी तिनं मला इथं आणून ठेवलं आणि दार ओढून घेतलं. याला आता दीड वर्ष झालं.

गेल्या आठवड्यात दार उघडलं. बुकित तिमाहला राहणारी तिची मैत्रीण राधिका गोझोला निघाली होती आणि तिनं मला मागितलं होतं. माझा तर जीव वरखाली. सुटका होणार, समुद्र दिसणार! पण दुसऱ्या कुणाच्या पिशवीतून? संजीवनीनं मला उचललं, तिथंच उभ्यानं चाळलं. मग फोनवर म्हणाली, "अगं, सापडतच नाहीये बघ." मला पुन्हा बॅगेवर ठेवलं आणि गेली.

ती खोटं बोलली आणि मला हायसं वाटलं. म्हणजे तिचं गोझो अजून संपलेलं नाही.

संजीवनी, तू मला अंधारात ठेवलंस, ठेव. पण व्हिसाचा अर्ज तुझ्या हातानं भर, एकटीचा. मला घे, ते रबरी बूट घे आणि नीघ. फक्त प्रबोधला विचारत बसू नकोस.