पेंढ्याचे कोरे गठ्ठे

विल्मीनाने दोनदा टाळ्या वाजवल्या. समोरच्या कोंबड्यांपैकी चार-दोन उठल्या, दोन पावलं टाकून पुन्हा भुशात बसल्या. बाकीच्यांनी नुसत्या माना वळवल्या.

चाळीस वर्षं ती रोज सकाळी या शेडमधून अशीच टाळ्या वाजवत फिरली होती. पुढे कोंबड्यांची लाट उठायची आणि आपोआप वाट व्हायची. पण खुब्याचं हाड बदललं, मग दोन महिने चालायला शिकवणाऱ्या केंद्रात गेले. घरी आल्यावरही टूनिस तिला शेडमध्ये येऊ देईना. "तुझ्या वॉकरच्या चाकांबरोबर रोग आत येईल, आई." आज तिने चाकं औषधाच्या पाण्यात बुडवली, उंबऱ्यापाशी बाकावर टेकून कसेबसे शेडमधले बूट चढवले आणि आली.

कोंबड्यांना चढायला ठेवलेल्या पेंढ्याच्या गठ्ठ्यांवरून तिने हात फिरवला. कोरे करकरीत. एरवी तिसऱ्या आठवड्यात वरच्या जागेसाठी मारामाऱ्या चालायच्या, सगळा गठ्ठा विष्ठेने माखलेला असायचा.

पायाशी एक कोंबडी पंख जमिनीला टेकून, फेंगड्या पायांनी पाण्याकडे सरकत होती. हातभर गेली आणि थांबली.

"आई, तू आत कशाला आलीस?" टूनिस दारातूनच म्हणाला.

"किती दिवसांच्या या?"

"एकतीस."

"एकतीस दिवसांत एवढी छाती? हिला काय वासरू व्हायचंय?"

टूनिसने टोपी मागे सारली. त्याचा बापही खोटं बोलताना हेच करायचा. फक्त बापाला ते जमत नसे.

"सावकाश वाढणारी पिल्लं वेळेवर मिळाली नाहीत. एकच खेप आणली या झटपट वाढणाऱ्या जातीची."

"एकच?"

त्याने टोपी पुन्हा पुढे ओढली. "दुसरी."

विल्मीनाने मनात आठवडे मागे मोजले. केंद्रात सून मार्लेन थर्मासमधून सूप आणायची. "आपल्याच कोंबडीचं आहे, आई. तुमचीच आठवण काढत केलं." विल्मीनाने ते नर्सेसना चाखवलं होतं. वर ऐटीत सांगितलं होतं, आमच्या कोंबड्या पळतात, तुमच्या पेशंटांसारख्या बसून राहत नाहीत.

"मार्लेनला माहीत होतं?"

"तुला त्रास नको म्हणून नाही सांगितलं."

"केवढी माया माझ्यावर." ती वॉकरवर वाकली. "आणि फाटकावरची पाटी? ती का ठेवलीस?"

"लोक पाटी बघून येतात, आई."

"पाटी नाही रे. माझं तोंड बघून येतात."

पाटीवर काखेत कोंबडी धरलेला तिचा फोटो होता. चर्चच्या सभागृहात गावातल्या साऱ्या बायकांसमोर उभं राहून तिनेच शब्द दिला होता, की माझ्या दारची कोंबडी शेवटच्या दिवसापर्यंत आपल्या पायांवर चालेल. त्या शब्दावर दर शनिवारी रांग लागायची.

"ती उतरव."

टूनिस हलला नाही. तेव्हा तिनेच खिडकीतला स्क्रूड्रायव्हर उचलला.

फाटकापाशी तिने वॉकरचा ब्रेक लावला. तीन स्क्रू निघाले, चौथा गंजलेला होता. तेवढ्यात शेजारची खेर्टा सायकलवरून उतरली.

"काय गं, रंग द्यायला काढलीस? आधी ते हाड तरी बसू दे."

"रंग नाही. उतरवतेय."

"बरं. शनिवारी माझ्यासाठी दोन कोंबड्या ठेव हं, नातवंडं यायचीत."

विल्मीनाने गंजलेल्या स्क्रूवरून स्क्रूड्रायव्हर काढला.

"नको घेऊस, खेर्टा. त्या चालत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे चालत नाहीत. टूनिसला विचार, तो सांगेल. नाही सांगितलं तर माझ्याकडे ये."

खेर्टाने विचारलं नाही. सायकल हातात धरून ती थोडी पुढे गेली, मग चढून बसली.

पाटी एका स्क्रूवर तिरकी लोंबत राहिली. विल्मीना वॉकर वळवून घराकडे निघाली. शेडमधून दोन टाळ्या ऐकू आल्या. टूनिस वाजवत होता. ती थांबली, कान देऊन उभी राहिली.

आतून फक्त हवेच्या पंख्यांची घरघर येत होती.