बर्टीच्या छातीतून गेलेले लोखंड

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी तुकडा आहे. तळहाताएवढा, जरा वाकलेला. जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठच्या एका कारखान्यात मला लालभडक तापवले, ठोकले आणि बॉम्बचे कवच केले. महायुद्धात, १९४०च्या नोव्हेंबरात मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरावर पडलो आणि फुटलो. भिंत फोडून, जिन्याखाली लपलेल्या सात वर्षांच्या बर्टीच्या छातीतून आरपार गेलो आणि शेजारच्या परसात रुतलो. त्याची धाकटी बहीण मॉड त्याचा हात धरून बसली होती.

चाळीसेक वर्षांनी आशाताई नावाच्या नर्स त्या शेजारच्या घरात राहायला आल्या. मेथी पेरताना मी त्यांना सापडलो. मला घासूनपुसून त्या माझ्याने आले ठेचू लागल्या. "आशा, माय लव्ह, चहा करावा तर तूच!" असे म्हणत अजून शेजारीच राहणारी मॉड रोज यायची. तिचा आवाज ऐकून मी थिजायचो.

गेल्या उन्हाळ्यात दोघी आशाताईंच्या नातीला, मायराला घेऊन ऱ्हाईनच्या क्रूझवर गेल्या. बोटीवरचा चहा पांचट लागेल म्हणून पर्समध्ये मीही होतो. कोलोनला उतरून त्यांनी उंच चर्च पाहिले, जुन्या गल्ल्या पाहिल्या. एका छोट्या संग्रहालयात मायरा ओरडली, "आजी, लुक! तुझा आल्याचा दगड! सेम टू सेम!"

काचेच्या पेटीत माझे भाऊबंद होते. 'जर्मन बॉम्बचे तुकडे' ही पाटी वाचून आशाताई पांढऱ्याफटक पडल्या.

मॉडने हात पुढे केला. "दे इकडे."

"मॉड, देवाशपथ, मला ठाऊक नव्हतं."

"दे म्हणते ना!"

नदीकाठी येऊन नव्वदीच्या मॉडने मला दगडी कठड्यावर आपटले. पुन्हा आपटले. पुन्हा. "सात वर्षांचा होता रे, मेल्या! सात!" कठड्याचे टवके उडाले. तिचा तळवा फाटला, रक्त माझ्यावरून ओघळले.

"आजी, स्टॉप हर!" मायरा रडू लागली.

"मारू दे. पंच्याऐंशी वर्षं थांबलीय ती."

मॉडचा हात थकून थांबला, तेव्हा आशाताईंनी आपल्या स्कार्फने तो बांधला. "फेकून देऊ या का नदीत?"

"नको," मॉड धापा टाकत म्हणाली. "तळाशी पडला, तर बर्टीची आठवण काढणार कोण? घरी नेऊ. पोरांना दाखवू."

म्हणून आज मी तुमच्या शाळेच्या टेबलावर आहे. मित्रांनो, मातीत असा तुकडा दिसला तर हात लावू नका, मोठ्यांना हाक मारा. मला मात्र खुशाल उचला. फक्त उचलण्याआधी बर्टीचे नाव घ्या. मोठ्याने घ्या, इथे बसलेल्या मॉडला हल्ली कमी ऐकू येते.